तिसऱ्या मडक्यातले नऊ मासे

गोजरआक्का,

जे तुला सांगायला हवं होतं ते मी तुझ्या दहाव्याला तुझ्या लेकाला, भिकाला, सांगितलं, दुसऱ्या दिवशी चावडीवर सांगितलं, आणि आज सगळ्यात शेवटी तुला सांगतो आहे. क्रम उलटा झाला हे मला कळतं. आठ वर्षं तू समोर होतीस, बाजारात, तापीच्या काठावर, शाळेच्या व्हरांड्यात. किती वेळा वाक्य तोंडापर्यंत आलं आणि मी ते गिळलं.

तुला मी पहिल्यापासून 'तू' म्हणत आलो आणि तू मला 'तुम्ही'. वयानं तू माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. पण मी गुजर पाटलाच्या घरातला, शहाद्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारा मास्तर, आणि तू आमच्याच गावच्या भोईवाड्यातली, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकणारी. गावानं घालून दिलेली रीत आपण दोघांनी कधी मोडली नाही. आता 'तुम्ही' म्हणायला लागलो तर तुला ते दुसऱ्याच कुणाला उद्देशून आहे असं वाटेल. राहू दे तसंच.

शाळेत काचेची पेटी आली तेव्हा आपला पश्चिम खानदेश अजून मुंबई राज्यात होता. लोखंडी चौकट, लुकणानं बसवलेल्या काचा, आणि आत सरकारी खात्यानं मुलांना दाखवायला दिलेले तिलापिया जातीचे बोटाएवढे बारा मासे. ही आफ्रिकेतली जात. सोबत चार पानांचं माहितीपत्रक. आमच्या घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे माशाला काय घालावं हे मला त्या चार पानांपलीकडे ठाऊक नव्हतं. मंगळवारच्या बाजारात मी तुझ्या पाटीपुढे उभा राहिलो तेव्हा तुला वाटलं, मास्तर वाट चुकले. मी डासांच्या जिवंत अळ्या मागितल्या. मासे विकत घेणारे पुष्कळ पाहिले, माशांसाठी खाणं मागणारा हा पहिलाच, असं तू शेजारणीला म्हणालीस. मग दर तिसऱ्या दिवशी तू तांब्या भरून अळ्या आणायला लागलीस, आणि पेटीपुढे उकिडवी बसून बघत राहायचीस.

पहिलं भांडण त्या पेटीपुढेच झालं. पावसाळ्याच्या तोंडाशी दोन मासे वाढून चार बोटांचे झाले होते. एक काळा पडला होता, दुसरा फिकट राखाडी. दोघंही एकमेकांच्या अंगावर धावून जात, म्हणून मी वर्गात सांगितलं की दोन्ही नर आहेत. मग फिकट माशानं खाणं सोडलं. त्याचे गाल फुगले, तो कोपऱ्यात एकटा राहू लागला. रोग इतरांना लागेल म्हणून मी त्याला बाहेर काढायला जाळी बुडवली, आणि तू माझं मनगट धरलंस. मास्तराचं मनगट, वर्गातल्या मुलांसमोर. मी चिडलो होतो, तेही तुला दिसलं असेल. तू मनगट सोडलंस, पण बाजूला झाली नाहीस.

"हाई मादी शे, मास्तर," तू म्हणालीस. "तिन्हा तोंडमा अंडा शेतस. तिले हात लावू नका."

मी तुला सांगितलं की अंडी तोंडात कुणी ठेवत नसतं. तू वाद घातला नाहीस. पंधरा-सोळा दिवसांनी त्या माशानं तोंड उघडलं आणि आतून मोहरीएवढी पिल्लं धुरासारखी बाहेर आली. मी जरा जवळ गेलो तशी ती पुन्हा तोंडात शिरली. माहितीपत्रक पुन्हा काढून पाहिलं, तर तिसऱ्या पानावर तळाशी तेच लिहिलेलं होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. तुला वाचता येत नव्हतं, पण तू मासा पाहिला होतास.

त्यानंतर तुला नादच लागला. मोठ्या माशांचं रंगावरून कळतं, पण लहानपणी नर-मादी सगळे सारखेच राखाडी. मग ओळखायचं कसं? पेटीत मावेनाशी झालेली पिल्लं मी शाळेच्या हौदात सोडली. पेटीतला किंवा हौदातला एखादा लहान मासा मेला की तू तो मागून घ्यायचीस. तळहातावर उताणा धरून पोटाखालचा भाग नखानं उघडून बघायचीस, आधी मोठ्यानं सांगायचीस की नर आहे की मादी, आणि मगच कोयत्यानं फाडायचीस. मी तोंड फिरवून उभा राहायचो. पहिले कितीतरी चुकले. चुकला की तू तोच मासा पुन्हा पुन्हा बघायचीस, जणू त्यानं तुला फसवलं होतं. हळूहळू तुला कळलं की नराला तिथं दोन छिद्रं असतात आणि मादीला तीन, आणि मधलं इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पोरांच्या बोटांवर शाई रेघारेघांत कशी बसते हे तू बघितलं होतंस. एक दिवस माझी दौत मागितलीस, कापसाच्या वातीनं निळी शाई लावली, आणि ती मधली आडवी रेघ उठून दिसली. मी फळ्यावर काढलेली आकृती तू ओल्या बोटानं पुसून दुरुस्त केलीस. ती दुरुस्त आकृती मी अजून वर्गात काढतो. आधी सांगायचं, मग फाडून बघायचं, ही शिस्त मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. ती तू शिकवलीस. हे तुला एकदा सांगायला काही अडचण नव्हती, तेसुद्धा मी सांगितलं नाही.

मग माझ्या डोक्यात तळं आलं.

गावाच्या उगवतीचं तळं भोईवाड्यातल्या चार घरांकडे वहिवाटीनं होतं. तापीला पूर असला की नदीत जाळं टाकता येत नाही, त्या दिवसांत त्या तळ्यावरच तुमची चूल पेटायची. माझे काका तेव्हा सरपंच. मी त्यांना सांगितलं की हा नवा मासा भराभर वाढतो, तळ्यात सोडला तर गावाचं नाव तालुक्यात होईल. काकांना नावाचं फार. त्यांनी लगेच होकार दिला आणि तालुक्याच्या साहेबांना बोलावणंही पाठवलं. तू मात्र शाळेत येऊन माझ्याशी भांडलीस. हा मासा महिन्या-दीड महिन्याला विणारा, नर-मादी दोन्ही सोडले तर तळं बोटभर पिल्लांनी भरेल, दुसऱ्या माशांना खायला उरणार नाही आणि विकण्याजोगा एकही होणार नाही, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, मग नुसते नर सोडू. निवडणार कोण, असं विचारलंस. मी म्हटलं, तू. काकांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं की तळं बिघडलं तर ते भोईवाड्याकडे राहणार नाही, आणि तरीही तू हो म्हणालीस. तुझा तुझ्या हातावर विश्वास होता. माझाही होता.

भादव्यात तीन दिवस तू शाळेच्या व्हरांड्यात बसून मासे निवडलेस. एकेक बोटभर मासा ओल्या हातात, शाईचा एक ठिपका, नजर, आणि मडकं. नर पहिल्या मडक्यांत. माद्या परत हौदात. आणि ज्यांचं नक्की कळत नव्हतं ते वेगळ्या लहान मडक्यात. त्याला आपण तिसरं मडकं म्हणायचो. त्यात अकरा मासे जमले. मी म्हटलं, हे नरच दिसतात. तू मान हलवलीस.

"यास्नं आज सांगू नका. महिनाभर थांबा, मंग सांगसू."

ते तू घरी नेऊन वाढवणार होतीस, म्हणून ते मडकंही गाडीत चढवलं. मी साहेबांना तीनशे नर कळवले होते. तुझे निवडलेले तीनशे चार भरले. मी निश्चिंत होतो.

वाटेत ऊन तापलं. भादव्यातलं ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. गाडीच्या हादऱ्यांनी मडक्यांतलं पाणी घुसळलं, आणि तळ्यावर पोचलो तेव्हा तेरा मासे वर तरंगत होते. राहिले दोनशे एक्क्याण्णव. तू तोवर पुढे जाऊन पाण्यात उतरली होतीस, हा आकडा तुला कळलाच नाही. काठावर काका, साहेब, निम्मं गाव. साहेब वही उघडून बसले होते आणि सोडताना मोजणार होते. तू लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उभी होतीस, तळ्याकडे तोंड करून. मी काठावरून मडकं द्यायचं, तू ते पाण्यात टेकवून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि मग मासे हळूच बाहेर जाऊ द्यायचे, असं ठरलं होतं. तुझी पाठ माझ्याकडे होती.

नऊ कमी होते, आक्का. तीनशे म्हटले होते आणि नऊ कमी. तेरा मेले, असं सांगितलं असतं तर साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं असतं. कुणी मला फासावर दिलं नसतं. पण काका माझ्याकडे बघत होते. मी तिसरं मडकं जवळ ओढलं. खिशातलं भिंग काढून एकेक मासा बघितला, घाईघाईत. मला दोनच छिद्रं दिसली. मला दोनच बघायची होती. नऊ मासे शेवटच्या मडक्यात टाकले आणि ते मडकं तुझ्या हातात दिलं. तू ते पाण्यात टेकवलंस, थांबलीस, आणि तुझ्या हातांनी ते सोडलेस. साहेब म्हणाले, पुरे तीनशे. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

वर येऊन तू तिसऱ्या मडक्यात बघितलंस. दोनच उरले होते. मी म्हटलं, नऊ मेले, काठावर टाकले होते, बगळ्यांनी नेले. तू लुगड्याचा पदर पिळत उभी होतीस.

"ठेवाले पाहिजे व्हतात," तू म्हणालीस. "फाडीसन देखतू."

तुला तेव्हा काही शंका आली होती का, हे आता मला कुणी सांगणार नाही.

चैत्रात तळं उतरलं आणि पाणी हललं की ते पाणी नाही, पिल्लं आहेत, असं दिसायला लागलं. जाळं टाकावं तर बोटभर माशांनी जड होऊन यायचं. विकण्याजोगा मासा त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. चावडीवर बैठक बसली. मी काकांशेजारी खुर्चीवर, तू आणि भोईवाड्यातले पुरुष खाली. काकांनी विचारलं, निवडलं कुणी? माझ्याकडे बघून नाही विचारलं. तू उभी राहिलीस.

"मन्हाच हात चुकना व्हई," तू म्हणालीस. "दुसरा कोनाच हात नव्हता."

तू हे सांगताना माझ्याकडे पाहिलंही नाहीस. मला वाचवायला तू ते म्हणाली नव्हतीस. तुला ते खरंच वाटत होतं. तेवढ्या वेळात मला उठून एक वाक्य बोलता आलं असतं. मी खुर्चीवरून उठलो नाही. ग्रामसेवकानं लिहून घेतलं की निवड करणाऱ्या बाईच्या चुकीमुळे तळं बिघडलं. महिन्याभरात तळं उपसलं, मासे खत म्हणून शेतांत गेले, आणि पावसाळ्यानंतर तळं बाहेरच्या माणसाकडे दिलं गेलं. चार घरांपैकी दोन घरं गाव सोडून गेली. तुझा भिका नदीतलं जाळं गुंडाळून आमच्या केळीच्या बागेत मजुरीला लागला. माझ्याच भावाच्या हाताखाली.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल काय लिहू. तू अळ्या आणायचं बंद केलं नाहीस, फक्त पेटीपुढे बसेनाशी झालीस. तांब्या उंबऱ्यावर ठेवून परत जायचीस. बाजारात बाया विचारायच्या, गोजरबाई, यात गाभोळी आहे का? पूर्वी तू मासा हातात धरून सांगायचीस. आता म्हणायचीस, कापून बघा. तळं गेलं हे मोठंच. पण तुझ्या हातावरचा तुझा विश्वास मी नेला, आणि तो नेल्याचं मी दर मंगळवारी बघत होतो.

एकदा प्रकाशा गावी, यात्रेच्या दिवसांत, तू तापीच्या काठावर जाळं शिवत बसली होतीस. मी देवळाकडून परत येत होतो. तूच थांबवलंस. तीनशेंतला एकेक मासा आठवून बघते, असं म्हणालीस, शाई पातळ होती की काय, की दुसऱ्या दिवशी डोळे थकले होते.

"मास्तर, ती कोनती व्हती? माले आजून समजत नही."

याहून सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. मी म्हटलं, आक्का, असं कुणाच्याही हातून होतं. तुला ते पटलं नाही.

"कोना बी हातथून व्हस, तं मंग मन्हा हात काय कामना?"

मी त्यावर बोलत राहिलो. शास्त्रात चुका कशा होतात, परदेशातले विद्वान कसे चुकतात, काय काय सांगितलं. तू सुईत दोरा ओवत ऐकत होतीस. तो वाद तिथंच राहिला. मी जिंकलो नाही आणि तू सोडला नाहीस. पुढच्या आठवड्यात तू निरोप पाठवलास की एक लहान मासा दाखवा. मी हौदातला काढून दिला, दौत दिली. तू मासा हातात धरलास, वात शाईत बुडवलीस, आणि मग तसाच मासा पाण्यात सोडून दिलास. माले नही समजत, एवढंच म्हणालीस. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्या दिवशी सांगितलं असतं तर तू कदाचित तो मासा पुन्हा हातात घेतला असतास.

तुझ्या तापाची बातमी मला भिकाकडून बागेतच कळली. शनिवारी येऊन बघतो म्हटलं. शुक्रवारी तू गेलीस.

दहाव्याला प्रकाशाच्या घाटावर मी गेलो. विधी आटोपून भिका पायऱ्यांवर डोकं पुसत बसला होता, मुंडन केलेलं. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, नऊ मासे, भिंग, बगळे. वाटलं होतं अंगावर येईल. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, मायनं निवडलेल्यांत एक तरी मादी होती का? मी म्हटलं, माझी खात्री आहे, नव्हती.

"माय मरी गई," तो म्हणाला. "माले कसाले सांगतस? चावडीवर सांगा."

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर गेलो. काका आता सरपंच नाहीत, पण बसायला येतात. ते म्हणाले, बाई गेली, तळं गेलं, आता उकरून काय मिळणार, आणि घराचं नाव घालवशील. मी खाली, भिकाशेजारी उभा राहून सांगितलं. काकांनी मध्येच उठून चपला घातल्या आणि ते निघून गेले. भोईवाड्यातली उरलेली दोन्ही घरं आली होती. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त मला पुन्हा सांगायला लावलं, ऐकू कमी येतं म्हणून, आणि मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं, दुप्पट मोठ्यानं.

मग भिका ग्रामसेवकाला म्हणाला, "मायनी चूक लिखी व्हती. आते हाई बी लिखा."

ग्रामसेवकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी सही केली. तळ्याचा विषय पुढच्या बैठकीला घेऊ, असं नवे सरपंच म्हणाले. घेतील की नाही, मला सांगता येत नाही. पण घेतला नाही तर मी पुन्हा विचारायला जाईन, एवढं मी ठरवलं आहे.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भिकाच्या मागोमाग भोईवाड्याच्या वळणापर्यंत चालत गेलो. क्षमा मागायचे शब्द मी वाटेत जुळवत होतो. त्यानं ते येऊ दिले नाहीत. वळणावर थांबून, माझ्याकडे तोंड करून, अगदी शांतपणे तो म्हणाला, "उद्यापाईन मी तुमना केळीवर येणार नही."

आक्का, मी त्याला थांब म्हटलं नाही.